सकाळी नाश्त्यानंतर एक

ज्येष्ठांसाठी रक्तदाब तपासणीची मोफत शिबिरं मी नागपुरात बरीच वर्षं घेतली. माझा दवाखाना पाचपावलीच्या बाजूला आणि घर पश्चिम नागपुरात. शिबिरं मात्र जवळजवळ सगळी घराजवळच्या बगीच्यांत. तिथे ओळखी होत्या, ज्येष्ठ नागरिक मंडळ होतं, सतरंज्या-खुर्च्यांची सोय व्हायची. सकाळी सहाला फिरायला येणारी माणसं आयती मिळायची आणि साडेआठपर्यंत आवरून मला दवाखाना गाठता यायचा. दरवेळी रांग लागायची, वहीची पानं भरायची. मंडळी मनापासून आभार मानायची आणि आपण काहीतरी चांगलं केलं या समाधानात मी घरी यायचे.

मध्यंतरी एका तरुण डॉक्टरने मला विचारलं, की ज्यांना बीपी आहे पण औषध नाही अशी म्हातारी माणसं नागपुरात नेमकी कोण आहेत? मी म्हटलं, माझ्या वह्यांत सापडतील. वह्या काढून आम्ही दोघं वाचायला बसलो. पानामागून पान उलटत गेलो तशी माझी खात्री उतरत गेली. एजी ऑफिसातून निवृत्त, रेल्वेतून निवृत्त, वेकोलि या कोळसा कंपनीतून निवृत्त, आयुध निर्माणीतून, बँकेतून, शाळेतून. यांच्यापैकी कुणाकडे सीजीएचएसचं कार्ड, कुणाला रेल्वेचं हॉस्पिटल, कुणाला कंपनीचा दवाखाना. निम्म्याअधिक नावांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'औषध चालू'. ही मंडळी माझ्याकडे आजार शोधायला येत नव्हती. आपल्या डॉक्टरने काढलेला आकडा माझ्या यंत्रावर ताडून पाहायला येत होती. ज्यांना मी शोधायला हवं होतं ती माणसं त्या वह्यांत नव्हतीच.

मी त्या काळात कुठे कुठे चुकले ते लिहिते आहे. आज कुणी तरुण डॉक्टर, आशाताई किंवा मंडळाचे कार्यकर्ते शिबिराचं ठरवत असतील, तर त्यांच्या हातून तेच व्हायला नको.

नागपूरकराला हे शहर समजावून सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. रेल्वेलाइनच्या पश्चिमेला धरमपेठ, लक्ष्मीनगर, सिव्हिल लाइन्स आणि पूर्वेला इतवारी, गांधीबाग, सतरंजीपुरा, पाचपावली, लकडगंज, पुढे कळमना. पूर्वेकडे विणकरांची जुनी वस्ती आहे. एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली आणि पुढे शंभरहून जास्त वर्षं या भागातली घरं तिच्या भोंग्यावर चालली. माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मिल कामगारांची ईएसआयची कार्डं मी रोज पाहिली आहेत. त्या कार्डामुळे कामगाराच्या दंडाला वर्षातून एकदोनदा तरी बीपीचा पट्टा लागायचा. मिल बंद पडली तशी ती कार्डंही गेली. कुणी रिक्षा धरली, कुणी चौकीदारी, कुणी भाजीची गाडी. माणूस तोच, त्याच्या नसाही त्याच, वयाने तो साठीकडे सरकत होता, आणि नेमक्या त्याच वेळी त्याचा दंड मोजणारं कुणी उरलं नाही. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं, तरी शिबिरासाठी मी बगीचाच निवडत राहिले.

देशपातळीवर हीच गोष्ट आकड्यांत दिसते. मुंबईत देवनारला लोकसंख्याशास्त्राची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिने 2017-18 मध्ये 45 वर्षांवरच्या सुमारे 72 हजार लोकांची एक मोठी पाहणी केली. लासी नावाने ती ओळखली जाते आणि तिचा अहवाल जानेवारी 2021 मध्ये आला. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या होत्या. डॉक्टरने तुम्हाला कधी बीपी आहे असं सांगितलं का, हा एक प्रश्न. आणि दुसरं म्हणजे घरी जाऊन, पट्टा लावून, तीन वेळा प्रत्यक्ष मोजमाप. साठीपुढच्या जवळपास 32 टक्के लोकांनी 'हो, सांगितलंय' असं उत्तर दिलं. नुसत्या या उत्तरावर गेलं तर बीपी हा शहरातल्या, शिकलेल्या, पैसेवाल्या माणसांचा आजार वाटतो. प्रत्यक्ष मोजमाप पाहिलं की दिसतं, खेड्यातल्या, शाळेत न गेलेल्या, हातावर पोट असलेल्या माणसालाही तो भरपूर आहे. फक्त त्याला तो कुणी सांगितलेला नाही.

माझ्या वहीने नेमकी हीच फसवणूक केली होती. ज्याला मोजलं नाही त्याला मी मनातल्या मनात 'नाही'च्या रकान्यात टाकत होते.

हे मला ज्या माणसामुळे खऱ्या अर्थाने कळलं त्याच्याबद्दल लिहिणं मला जड जातं. बगीच्याच्या फाटकावर एक चौकीदार होते. वय पासष्टीच्या आसपास, मूळ गाव भंडाऱ्याकडचं. रात्रीची बारा तासांची ड्युटी. शिबिराच्या दिवशी पहाटे तेच फाटक उघडायचे, स्टोअरमधून खुर्च्या काढून ओळीने मांडायचे, पाण्याचा जार आणून ठेवायचे. माझं टेबल डुगडुगायचं तर त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी करून सारायचे. सातला दुसरा चौकीदार आला की सायकल घेऊन निघायचे. त्यांना मी नाव घेऊन हाक मारायचे. चहा पाजायचे. त्यांचा हात मात्र कधी टेबलावर ठेवून घेतला नाही. शिबिर मंडळाच्या सभासदांसाठी आहे, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की समोर उभा असलेला माणूसही ज्येष्ठच आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

एका हिवाळ्यात ते ड्युटीवरून घरी गेले आणि सायकल भिंतीला टेकवतानाच कोसळले. लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांची बायको काही दिवसांनी कुठल्याशा अर्जासाठी सही मागायला माझ्याकडे आली. मी विचारलं, "काकाजींना बीपी होता का?" ती म्हणाली, "नाही जी. त्याइले कधीच बीपी नव्हता." तिने अगदी खात्रीने सांगितलं. कुणी कधी सांगितलं नाही म्हणजे नव्हता. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, कागदांवर भरती करतानाचा आकडा होता, आणि हृदय जाड झाल्याची खूण ईसीजीत होती. अशी जाडी एका रात्रीत येत नाही. कित्येक वर्षं त्यांचा बीपी वाढलेला होता, आणि त्यातल्या बऱ्याच सकाळी ते माझ्यापासून दोन हातांवर खुर्च्या मांडत होते.

माझी समजूत होती, की मागे राहतात त्या बायका. आपल्या समाजात स्त्रीच्या दुखण्याकडे दुर्लक्ष होतं, तेव्हा बीपीतही तसंच असणार. म्हणून शिबिरात मी बायकांसाठी वेगळी रांग सुरू केली. तिचा मला अभिमान होता, आणि ती बंद करा असं मी आजही म्हणणार नाही. पण देशातल्या मोठ्या पाहण्यांत सातत्याने दिसतं ते असं, की बीपी असलेल्या पुरुषांना तो माहीत असण्याचं आणि औषध चालू असण्याचं प्रमाण बायकांपेक्षा कमी आहे. बाईचा दवाखान्याशी संबंध बाळंतपणापासून जुळतो. नातवाला डोस द्यायला, सुनेला दाखवायला, नवऱ्यासोबत, या ना त्या कारणाने ती तिथे पोचते आणि एखाद्या सिस्टरच्या हाती तिचा दंड लागतो. साठीच्या पुढेही कामावर जाणारा पुरुष दवाखान्यात पाय ठेवतो तो ताप उतरेनासा झाला किंवा हाड मोडलं तरच. दिवसाची रोजी बुडवून, काहीही दुखत नसताना, नुसता आकडा काढायला तो येईल ही अपेक्षाच मुळात माझी चूक होती.

बायकांमध्येही सगळ्या सारख्या नव्हत्या, आणि ते तर मला फारच उशिरा दिसलं. माझ्या दवाखान्यात काही जोडपी नियमाने यायची. नवऱ्याचा बीपी मोजला की मी म्हणायचे, आजी, तुम्हीही बसा. त्यांचाही मोजायचे, गोळी लिहून द्यायचे. मग नवरा जायचा आणि आजी यायच्या बंद व्हायच्या. मी समजायचे, मुलाकडे राहायला गेल्या असतील. पुढे बाजारात एकदा एक आजी भेटल्या, अशाच येणं थांबलेल्या. विचारलं तर म्हणाल्या, "आता कोणासंग येऊ?" दवाखान्यात येणं हे त्यांच्या लेखी नवऱ्याचं काम होतं. त्या सोबत यायच्या, आणि माझ्यासाठी ते सोबत येणं म्हणजेच त्यांचा उपचार झाला होता. तो नवऱ्याबरोबर संपला. माझ्या कागदांत कुठेही 'एकटी राहते' असा रकाना नव्हता. पुढे मी तो घातला.

'काही त्रास आहे का?' या माझ्या प्रश्नानेही बरंच नुकसान केलं. दवाखान्यात गर्दी असली की मी आधी हे विचारायचे. डोकं जड पडते, चक्कर येते, घाबरल्यासारखं होते असं कुणी म्हटलं तर पट्टा लावायचे. नाही म्हटलं तर सर्दी-खोकल्याचं औषध देऊन पुढचा पेशंट घ्यायचे. वाढलेला बीपी बहुतेकांना काहीही त्रास देत नाही, हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. तरी रोजच्या कामात मी त्रासाचीच वाट पाहत राहिले. ज्याला बोलायची सवय आहे, जो नेटवर वाचून येतो, तो आपला त्रास नीट सांगतो. विणकराच्या घरातला म्हातारा "काही नाही बाई, ठीक आहे" एवढंच म्हणतो. म्हणजे प्रश्न एकच विचारूनही मी एकाला तपासत होते आणि दुसऱ्याला परत पाठवत होते.

आता सगळ्यात जुनी चूक. मी शिकत होते तेव्हा एक हिशेब तोंडी चालायचा, वरचा आकडा शंभर अधिक वय. सत्तरीच्या माणसाचा वरचा बीपी 170 असला तरी 'वयाच्या मानाने ठीक'. म्हाताऱ्या नसा कडक होतात, रक्त पुढे ढकलायला जास्त दाब लागणारच, तो कमी केला तर मेंदूला रक्त कमी पडेल, अशी त्यामागची समजूत. ती ऐकायला पटण्यासारखी होती. नसा कडक होतात हे खरंच आहे. त्यामुळेच म्हातारपणी खालचा आकडा 80 च्या घरात राहून वरचा एकटाच 160-170 वर चढतो. पण तो दाब निरुपद्रवी नसतो.

अमेरिकेत साठीपुढच्या अशा 4,736 लोकांवर एक चाचणी झाली आणि 1991 मध्ये तिचे निष्कर्ष आले. क्लोरथॅलिडोन नावाच्या साध्या, स्वस्त गोळीपासून उपचार सुरू केले, तर लकव्याचं प्रमाण 36 टक्क्यांनी खाली आलं. 2008 मध्ये त्याहून पुढची चाचणी आली, सगळे 80 वर्षांवरचे. उपचार घेणाऱ्यांत एकूण मृत्यूच 21 टक्क्यांनी कमी झाले आणि ती चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. 1991 चं ते संशोधन मला त्याच दशकात माहीत झालं होतं. तरी त्यानंतर कितीतरी वर्षं मी 'वयाच्या मानाने ठीक' म्हणत राहिले. शिकलेला पेशंट उलट विचारायचा, 170 ठीक कसा? मग मी सावरून गोळी लिहायचे. गोळीबार चौकाजवळचे एक म्हातारे कोष्टी माझ्याकडे नेहमी यायचे, हातमागावर आयुष्य गेलेले. त्यांनी उलट कधी विचारलं नाही. "डॉक्टरबाई म्हणते ठीक आहे, म्हणजे ठीक आहे" म्हणत हात जोडून उठायचे. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, म्हणूनच त्यांना औषध मिळालं नाही. या एका वाक्यापाशी मी आजही अडते.

चुका उलट दिशेनेही झाल्या. चौकीदार काकाजींच्या प्रकारानंतर मी पेटून उठले आणि कळमना बाजारात शिबिर लावलं. हमालांसाठी, पहाटे, गाड्या रिकाम्या होतात त्या वेळी. वेळ आणि जागा या वेळी बरोबर होती. मोजणं चुकलं. बीपी मोजण्याआधी माणसाने पाच मिनिटं तरी शांत बसावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर आणि उघडा, अर्ध्या तासात चहा-तंबाखू झालेली नसावी. बगीच्यात हे सगळं आपोआप जुळून यायचं. मंडईत साठीचा एक हमाल पोती उतरवून घामेजलेला तसाच स्टुलावर बसला. गालात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुन्याचा तो खर्रा आमच्याकडे किती खातात हे मला वेगळं सांगायला नको, आणि तंबाखूने बीपी तेवढ्यापुरता चढतो हेही मला ठाऊक होतं. मागे रांग होती, मी घाईत होते. सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला. आकडा आला 190 वर 110. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आजच्या आज भरती व्हा, नाहीतर लकवा मारेल."

तो माणूस घाबरून तडक एका खासगी दवाखान्यात गेला. रक्त, छातीचा फोटो, ईसीजी, सोनोग्राफी. अडत्याकडून उचल घेऊन बिल भरलं. पंधरा दिवसांनी माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला नीट बसवून मोजलं. 146 वर 88. लक्ष ठेवण्यासारखं होतं, पण भरती होण्यासारखं काहीच नव्हतं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, उचल फेडून रायलो आता." त्यानंतर कळमन्यात मी पुन्हा टेबल मांडलं तेव्हा हात पुढे करणारे फार थोडे होते. ज्यांचा मोजला जात नव्हता त्यांच्यापर्यंत मी पोचले आणि एका घाईच्या आकड्यापायी त्यांना पुन्हा दूर लोटलं.

माझ्या हातून झालेली सगळ्यात गंभीर चूक याच्याही पुढची. एक आजी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, किडकिडीत, लोकांकडे पोळ्या लाटायच्या. वरचा आकडा 180 च्या पुढे. आता म्हातारपण म्हणून सोडून द्यायचं नाही असा माझा निश्चय झालेला. एकदम दोन गोळ्या सुरू केल्या, त्यातली एक लघवी वाढवणारी. महिना मे. नागपुरात उन्हाळ्यात मुळातच बीपी थोडा उतरतो, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, आणि नवतपा लागला की पत्र्याच्या घरात रात्रीही अंगाची काहिली होते. आजी दिवसभर गॅससमोर उभ्या असायच्या. रात्री उठून मोरीकडे निघाल्या, उभं राहताच डोळ्यांसमोर अंधारी आली आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

म्हाताऱ्या माणसाचा बीपी बसून मोजला की त्याला उभं करून पुन्हा मोजायचा असतो. उभं राहिल्यावर तो घसरत असेल तर औषध जपून, एकेक करून, कमी मात्रेपासून द्यायचं असतं. हे मला माहीत होतं. मी केलं नाही. मंडळातल्या निवृत्त साहेबांच्या बाबतीत मी हे करायचे. त्यांना चक्कर आली तर मुलगी अमेरिकेतून फोन करील, मुलगा दुसऱ्या दिवशी भेटायला येईल, हे कुठेतरी मनात असायचं. आजींच्या मागे फोन करणारं कुणी नव्हतं. एवढ्या साध्या फरकाने माझ्या हातचं काम बदललं. आजी पुन्हा चालल्या, पण काठी घेऊन, आणि पोळ्यांची कामं सुटली.

आजी बऱ्या होत असताना मी त्यांच्या घरी जायचे. एकदा फळीवर बीपीच्या गोळ्यांची पट्टी दिसली, जवळपास तशीच भरलेली. ही पडल्यानंतर मी बदलून दिलेली, एकच, कमी मात्रेची गोळी होती. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "आजी, घेत का नाही?" त्यांनी उशाखालून माझी चिठ्ठी काढली आणि नातीला वाचायला लावली. नातीने वाचलं, "सकाळी नाश्त्यानंतर एक." आजी म्हणाल्या, "मी नाश्ता कधी करतो माय?" त्या सकाळी काळा चहा घ्यायच्या आणि एकदम दुपारी जेवायच्या. नाश्ता केला नाही म्हणून गोळी घेतली नाही. माझा शब्द त्यांनी तंतोतंत पाळला होता.

ती गोळी रिकाम्या पोटी चालते. नाश्त्याचा आणि तिचा काही संबंध नाही. मी ते लिहायचे कारण माझ्या घरी सकाळी आठला नाश्ता होतो, आणि बगीच्यातल्या मंडळींकडेही होतो. दवाखान्यात आल्यावर मी नाश्ता न करणारे किती आहेत ते विचारत सुटले. चौकीदार सकाळी घरी जाऊन आधी झोपतात. धुणीभांडी करणाऱ्या मावश्या तीन घरं उरकून अकराला खातात. एकादशी, चतुर्थी, सोमवार धरणाऱ्या बायका उपासाला गोळी चालत नाही म्हणून सोडतात. मोमिनपुऱ्यातले माझे पेशंट रोज्यांच्या महिन्यात अख्खा महिना सोडायचे, कारण सकाळची गोळी इफ्तारनंतर घेतली तर चालते हे मी सांगितलंच नव्हतं. या सगळ्यांच्या कागदांवर मी वर्षानुवर्षं लिहीत आले होते, 'औषध नियमित घेत नाही'. त्यांच्या बेफिकिरीची नोंद म्हणून.

कुठल्या वेळी घ्यावी यावर मोठा अभ्यासही झाला आहे. ब्रिटनमध्ये 21 हजारांवर लोकांना दोन गटांत विभागून सकाळी आणि रात्री गोळ्या दिल्या. 2022 मध्ये निकाल आला. हृदयविकार, लकवा, मृत्यू, कशातच फरक नाही. तेव्हा जी वेळ आठवणीत राहील ती खरी. आता मी आधी विचारते, तुमचा दिवस कसा जातो? आणि त्यातली एक गोष्ट धरून लिहिते. ड्युटीवर निघताना. देवापुढे दिवा लावताना. पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा.

आमच्या शेजारच्या भंडारा आणि वर्धा जिल्ह्यांत या बाबतीत सरकारी यंत्रणेने माझ्या शिबिरांपेक्षा शहाणपणाचं काम केलं, हे मला मोकळेपणाने सांगायचं आहे. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर 2017 मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून पहिल्या फेरीत भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे चार जिल्हे होते. त्यात मुद्दे साधे. उपचाराचा क्रम ठरलेला, अमुक आकड्याला अमुक गोळी, डॉक्टर बदलला तरी क्रम तोच. एका भेटीत तीस दिवसांच्या गोळ्या. प्रत्येकाचं कार्ड. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे जो पेशंट ठरल्या तारखेला आला नाही त्याची वेगळी यादी, आणि त्या यादीवर फोन किंवा आशाताईंची फेरी. माझ्या वहीत आलेल्यांची नावं होती. त्यांच्याकडे न आलेल्यांची होती.

न येणाऱ्यांपर्यंत पोचायची आणखी एक वाट लॉस एंजलिसच्या एका डॉक्टरांनी दाखवली, रोनाल्ड व्हिक्टर. तिकडच्या काळ्या पुरुषांमध्ये बीपीचं प्रमाण फार, आणि दवाखान्यात येणं कमी. त्यांनी 52 केशकर्तनालयं निवडली आणि औषधतज्ज्ञांना तिथेच पाठवून, केस कापायला येणाऱ्यांना तिथल्या तिथे तपासून औषध सुरू केलं. सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी 27 ने उतरला. हे 2018 मध्ये छापून आलं आणि वाचून मी सलून शोधत सुटले. आमच्या भागातल्या दोन सलूनवाल्यांनी आनंदाने जागा दिली. माणूस तिथे निवांत टेकून बसलेला असतो, पाच मिनिटं तर सहज होतात. रविवारी सकाळी तिथे मला असे साठी-पासष्टीचे पुरुष भेटले, ज्यांच्या दंडाला आयुष्यात पहिल्यांदा पट्टा लागत होता. मी त्यांना पहिल्या दिवशी आकडा सांगते, पण भीती घालत नाही. 'पुढच्या रविवारी दाढीला याल तेव्हा पुन्हा पाहू' एवढंच म्हणते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही वाढलेला असला तर मगच गोळीचं बोलणं. फार चढलेला असला, तर त्याच दिवशी बाजूला घेऊन, मेडिकलची ओपीडी कुठल्या वेळी असते आणि तिथे किती कमी खर्च येतो तेही सांगून.

तरी माणसं सुटतातच. आषाढ लागला की भंडारा-गोंदियाकडचे चौकीदार आणि मजूर धानाच्या रोवणीसाठी गावी जातात, आणि महिना-दीड महिना परतत नाहीत. हे मला कळायला त्यांचे किती पावसाळे गोळ्यांविना गेले असतील. आता जून उजाडला की मी प्रत्येकाला विचारते, "रोवणीले जाता का यंदा?" हो म्हटलं तर दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम देते आणि गावाजवळचं आरोग्य केंद्र कोणतं ते विचारून कार्डावर लिहून देते. परतल्यावर काहीजण रिकाम्या पट्ट्या दाखवतात. काहींच्या भरलेल्या असतात. भरलेली पट्टी पुढे करणाऱ्याला मी खुर्चीवर बसवते, गोळी कोणत्या दिवशी आणि कशामुळे सुटली ते विचारते, आणि तो सांगतो ते त्याच्या शब्दांत वहीत उतरवून घेते. मग पाच मिनिटं थांबून पट्टा लावते.